कातळ, पाणी आणि शेजार

1856 साली बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले आणि 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला. जेमतेम सोळा मैलांत 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, आणि समोर सह्याद्रीचा काळा कातळ. हा कातळ फुटला तो काळ्या दारूने. नोबेलच्या डायनामाइटला पेटंट मिळाले 1867 मध्ये, म्हणजे घाट पुरा झाल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे डायनामाइट असते तर घाटात एवढी माणसे मेली नसती, असे वाटणे साहजिक आहे. इतिहासकारांच्या अंदाजाने मृतांचा आकडा चोवीस हजारांच्या आसपास जातो. पण त्यांतले बहुतेक पटकी, ताप अशा रोगांनी गेले. दुसऱ्या ठेक्याचे मालक सॉलोमन ट्रेडवेल हेही घाटात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत आजारानेच वारले आणि काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवले. ते मृत्यू दारूच्या खाती टाकता येत नाहीत.

दारूची खरी किंमत भोक पाडण्यात मोजावी लागे. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. भोक पुरेसे खोल गेले की भुकटी काढून टाकायची, दारू भरायची, वर माती ठासायची. ठासायला लोखंडी सळई वापरली आणि ठिणगी उडाली की सुरुंग हातातच फुटायचा. दारू कातळाला ढकलते, त्याचा चुरा करत नाही. म्हणून कठीण दगडात भोके जास्त लागतात आणि भोके जास्त म्हणजे हात जास्त. डायनामाइटने हा हिशेब बदलला. मात्र ज्याला इमारतीसाठी अखंड, बिनतड्याचा चिरा हवा, त्याच्या कामाची मंद दारूच, कारण जोरदार स्फोटकाने चिऱ्याच्या पोटात तडे जातात. जास्त ताकदीचे ते जास्त चांगले, ही समजूत खाणीत टिकत नाही.

स्फोटक निवडताना कातळ हा पहिला निकष, तर पाणी हा दुसरा. ओली दारू पेटत नाही. आज खाणींत सर्रास वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचे मिश्रण स्वस्त आहे, पण पाण्याने भरलेल्या भोकात तेही निकामी. 13 मार्च 1999 रोजी कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाच्या तळाशी राखलेला खडक उडवून जलाशय बोगद्याला जोडला गेला, आणि 2012 मध्ये तसाच दुसरा प्रयोग झाला. वर उभे तळे असताना चुकलेला सुरुंग पुन्हा भरता येत नाही. अशा ठिकाणी स्वस्ताईला पहिला मान देणे म्हणजे सगळे काम पणाला लावणे.

तिसरा निकष शेजाराचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तोच. भूमिगत कोळसा खाणीत मिथेन पेट घेऊ नये म्हणून मुद्दाम कमी तापाच्या आणि क्षणभरच टिकणाऱ्या ज्वाळेची, मान्यताप्राप्त स्फोटकेच वापरावी लागतात. उघड्या खाणीत प्रश्न हादऱ्याचा. सगळी भोके एकदम न उडवता त्यांच्यात काही मिलिसेकंदांचे अंतर ठेवले, तर एका क्षणी फुटणारा भार कमी होतो आणि जमीन कमी हादरते. खाणवाले म्हणतात की यात खर्च वाढतो. वाढतो, हे खरे. पण तो वाचवला की भार पडतो शेजारच्या भिंतींवर, आणि ती वजाबाकी खाणीच्या वहीत कुठेच दिसत नाही.

धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये या हादऱ्याला मर्यादा घातली. कंपनांची वारंवारिता 8 हर्ट्झपेक्षा कमी असेल, तर खाणमालकाच्या नसलेल्या घरांपाशी सेकंदाला 5 मिलिमीटर आणि ऐतिहासिक वास्तूंपाशी 2 मिलिमीटर. गोंड राजांचा परकोट आणि कोळशाच्या खाणी दोन्ही बाळगणाऱ्या चंद्रपुरासारख्या जिल्ह्याला हे आकडे तोंडपाठ हवेत. आपल्या गावाजवळ सुरुंग उडत असतील, तर कंपनमापकाच्या नोंदी मागा.