मुलाच्या मापाचे, पण खरे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी 1845 मध्ये ऑस्बोर्नची मालमत्ता घेतली. पुढे तिथल्या स्विस कॉटेजजवळ त्यांच्या नऊही मुलांना स्वतःचा एकेक वाफा मिळाला आणि तो कसण्यासाठी त्यांच्या मापाची अवजारे व एकचाकी हातगाड्या मिळाल्या. हातगाडीवर ज्याची त्याची आद्याक्षरे रंगवलेली असत. शाकारलेल्या छपराच्या खोपटात त्या आजही पाहायला मिळतात. राजवाड्यातली हौस म्हणून हे सोडून देता आले असते. पण मुलांनी पिकवलेली भाजी अल्बर्ट त्यांच्याकडून बाजारभावाने विकत घेत असे. भाजी विकायची तर आधी ती उगवावी लागते आणि त्यासाठी माती खरोखर उकरली जावी लागते. मुलासाठी अवजार निवडताना माप मुलाचे धरावे, पण कामाची अपेक्षा मातीने ठरवलेली असावी, हे तत्त्व इथे कुणी न सांगता पाळले गेले होते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मुलांच्या बागकामाचे जे प्रयोग टिकले, त्यांच्या मुळाशी मला हेच तत्त्व दिसते.

त्याच व्हिक्टोरियन काळात समुद्रकिनारी सहलीला जाणाऱ्या मुलांच्या हाती लाकडी फावडे आणि पत्र्याची बादली आली. ओल्या वाळूसाठी ती पुरेशी होती, कारण वाळू कुठल्याच पात्याची परीक्षा घेत नाही. आज दुकानात मिळणारा रंगीत प्लास्टिकचा ‘गार्डन सेट’ दिसायला याच कुळातला आहे आणि बागेतल्या घट्ट मातीवर तो पहिल्याच दिवशी वाकतो. मुलाला त्यातून कळते ते एवढेच, की आपल्याला हे जमत नाही. दोष पात्याचा असतो आणि मूल तो स्वतःकडे घेते.

शिक्षणाच्या बाजूने हा विचार जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेलने मांडला. शिक्षक होण्यापूर्वी त्याने वनपालाच्या हाताखाली उमेदवारी केली होती. 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांची संस्था सुरू केली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. तिथल्या बागेच्या त्याच्या आराखड्यात सामाईक वाफ्यांबरोबर मुलांचे स्वतःचे वाफेही होते. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडले तेव्हा खुर्च्या-टेबले मुलांना उचलता येतील अशी करून घेतली. खेळणे आणि खरे काम दोन्ही समोर असताना मुले कामाकडे वळतात, हे त्यांचे निरीक्षण तिथलेच. 1909 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी झाडे आणि प्राणी यांच्या संगोपनाला स्वतंत्र प्रकरण दिले.

मात्र नुसते माप कमी करून भागत नाही. युरोपातले उभे फावडे पायाने दाबून, अंगाच्या भाराने मातीत जाते. पाच वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे 18 किलो. दांडा कितीही आखूड केला तरी तो भार येणार कुठून? पाच लिटरची झारी भरली की पाण्याचेच पाच किलो होतात, म्हणजे मुलाच्या वजनाच्या पावपटीहून जास्त. दीड-दोन लिटरची झारी घेतली तर खेपा वाढतात, पण मुलाला खेपांचा कंटाळा नसतो. आपल्याकडचे खुरपे मुळातच बसून, एका हाताने, मनगटाच्या जोरावर चालवायचे अवजार आहे. त्याची मूठ बारीक आणि पाते थोडे अरुंद केले की पुरते. कुदळ आणि टिकाव डोक्यावर उचलून मारायचे असल्यामुळे ते या वयाला देऊच नयेत.

खुरप्याला धार असते आणि बोट कापेल, ही आईबापांची भीती रास्त आहे. कोवळ्या हातात विळा कुणीही देऊ नये. पण खुरप्याचे काम भाजीच्या सुरीसारखे कापण्याचे नसून मातीत शिरण्याचे आहे, त्यामुळे त्याला तेवढी तीक्ष्ण धार लागत नाही. पूर्ण बोथट पात्याला मात्र जास्त जोर लावावा लागतो आणि तेच निसटते. दोन मुलांमध्ये हातभर अंतर, मोठे माणूस जवळ आणि काम संपल्यावर अवजार पुसून जागेवर, एवढी शिस्त पाते बोथट करण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

खर्चाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ऑस्बोर्नची मुले राणीची होती. माँटेसरी साधनेही महाग होती आणि खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणार नाहीत, हे बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी ओळखले. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी काम केले, तेव्हा आयात साधनांच्या जागी बिया, पाने, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तू आणल्या. हाच न्याय बागेला लावला, तर मुलाचे खुरपे गावातला लोहारही घडवू शकतो.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप: महाराष्ट्रात मुलीच्या हातातले खुरपे म्हणजे बहुधा निंदणीची मजुरी. ते शाळेत आणून आपण काय साधतो? 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायावर आधारलेले, स्वतःचा खर्च भागवणारे शिक्षण मांडले, तेव्हा यातून मुले राबवली जातील अशी टीका झालीच. ती टीका मला बिनबुडाची वाटत नाही. शाळेचा खर्च ज्या दिवशी वाफ्यातल्या उत्पन्नावर अवलंबून राहतो, त्या दिवसापासून मुलाच्या थकव्याला किंमत उरत नाही. निंदणीच्या शेतात खुरपे मोठ्यांच्या मापाचे असते, वेग ओळीतल्या बायकांचा असतो आणि मजुरी घरात जाते. दमली म्हणून मुलीला खुरपे खाली ठेवता येत नाही. कोसबाडच्या परिसरात वारली मुले गुरांमागे जात, धाकटी भावंडे सांभाळत. त्यांच्यासाठी कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात तिथेच भरणारी शाळा, काढावी लागली, कारण त्यांच्या वाट्याला श्रम आधीच आले होते, फक्त त्यांच्या स्वतःच्या इच्छेने चालणारा तास आला नव्हता. म्हणून बालवाडीच्या बागेत खुरपे देताना वाफाही त्या मुलाच्या नावाचा असावा, त्यातली मेथी त्याच्याच घरी जावी आणि खुरपे टाकून मूल मध्येच गांडूळ बघत बसले, तर त्याला कुणी उठवू नये.