नगारा, युद्धनौका आणि टिंबालेस : दोन स्मृतींचा एक इतिहास

१/ दिवंगत सैनिकांची स्मारके एका चौकात असतात, दिवंगत वादकांची दुसऱ्या. न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन समाजाच्या इतिहासात मात्र ही दोन माणसे पुष्कळदा एकच होती. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ आरंभ वाद्यापासून करू. आपल्या गडांवरील नगारखान्यातला ‘नगारा’ हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला. या जोडवाद्याची परंपरा पश्चिम आशियातून युरोपात गेली, तेथे घोडदळासोबत वाजली आणि पुढे वाद्यवृंदात स्थिरावली.

३/ स्पॅनिश भाषेत या नगाऱ्यांना ‘टिंबालेस’ म्हणतात. क्युबातील नृत्यवृंदांनी ते स्वीकारले. कालांतराने त्यांचा आकार लहान व आटोपशीर झाला, पण नाव तेच राहिले. रणांगणावरचे वाद्य असे नृत्यमंचावर आले.

४/ या वाद्याचे सर्वांत ख्यातनाम वादक म्हणजे टिटो पुएन्ते. जन्म १९२३, न्यूयॉर्क, आईवडील पोर्तोरिकन. पोर्तोरिकोच्या रहिवाशांना १९१७ च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते. त्यासोबत सक्तीची सैन्यभरतीही त्यांना लागू झाली.

५/ १९४२ मध्ये पुएन्ते नौदलात दाखल झाले. ‘सॅन्टी’ ही त्यांची विमानवाहू नौका. लेतेच्या आखातातील लढाईत, २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, या नौकेवर जपानी आत्मघाती विमान कोसळले आणि त्याच सकाळी तिला पाणतीरही लागला. तरीही ती तरंगत राहिली.

६/ याच नौकेवरील वाद्यवृंदात पुएन्ते वाजवीत असत. संगीतरचनेची वाद्यवार मांडणी कशी करावी, याचे धडे त्यांनी तेथील एका वैमानिकाकडून घेतले. युद्ध संपल्यावर माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी केलेल्या कायद्याचा लाभ घेऊन त्यांनी जुलियार्ड या नामवंत संगीतशाळेत अध्ययन केले.

७/ पुढे त्यांनी टिंबालेस वृंदाच्या मागच्या रांगेतून पुढे आणले आणि उभे राहून वाजविले. त्यांची १९६२ ची ‘ओये कोमो वा’ ही रचना १९७० मध्ये सान्ताना या रॉक वृंदाने जगभर पोहोचविली.

८/ दुसरे नाव रे बरेटो. जन्म १९२९, ब्रुकलिन. किशोरवयातच सैन्यात गेले आणि जर्मनीत तैनात झाले. तेथे त्यांनी डिझी गिलेस्पी यांची ‘मान्तेका’ ऐकली. तिच्यातील काँगा क्युबाच्या चानो पोझो यांचा होता. आपणही वादक व्हावे, हा निश्चय बरेटो यांनी तेथेच केला. पोझो यांची १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. काँगाची परंपरा पुढे नेणाऱ्यांत बरेटो अग्रणी ठरले.

९/ आता सन्मानाचा हिशेब पाहा. पुएन्ते यांना १९९७ मध्ये राष्ट्रीय कलापदक मिळाले. २००० मध्ये ते निवर्तले. ईस्ट हार्लेममधील ११०व्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. बरेटो यांना जाझ क्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान २००६ च्या जानेवारीत लाभला आणि फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

१०/ याउलट ६५वी पायदळ रेजिमेंट पाहा. पोर्तोरिकन सैनिकांची ही पलटण कोरियात लढली. १९५२ मध्ये तिच्यातील नव्वदहून अधिक सैनिकांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले. पुढे शिक्षा माफ झाल्या, पण कलंक रेंगाळला. काँग्रेसचे सुवर्णपदक तिला प्रदान झाले ते २०१६ मध्ये. तोवर तिचे असंख्य जवान हयात नव्हते.

११/ ज्या समाजाच्या तालावर देश नाचला, त्याच समाजाच्या रक्ताची दखल घेण्यास त्या देशाला सहा दशके लागली. वादकाला टाळ्या लवकर मिळतात, कारण त्याचे ऋण कानांना जाणवते. सैनिकाचे ऋण मुद्दाम आठवावे लागते.

१२/ म्हणून पुएन्ते यांचे टिंबालेस ऐकाल, तेव्हा ‘सॅन्टी’चेही स्मरण ठेवा. चरित्रात एका ओळीत आटोपलेली ती तीन वर्षे वगळली, तर त्या तालाचा इतिहास अपुरा राहतो.