लघुलहरींवरचे शुभवर्तमान

सोलापूरच्या ख्रिस्ती समाजाला शाळा होत्या, चर्च होते, नियतकालिक होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आले, आणि याच मिशनने अहमदनगरला १८४२ साली सुरू केलेला ‘ज्ञानोदय’ हे तर मराठीतील अगदी आरंभीच्या नियतकालिकांपैकी एक. छापील शब्दाच्या बाबतीत इतका पुढे असलेला हा समाज रेडिओच्या युगात मात्र ऐकणाराच राहिला. कारण कायद्याचे होते. भारतात नभोवाणी ही सरकारची मक्तेदारी होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मिरासदारी नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९९५ मध्ये. (न्यायालयाच्या संदर्भात ‘ध्वनिलहरी’ हा शब्द रूढ झाला असला तरी तेथे अभिप्रेत आहेत त्या रेडिओलहरी. ध्वनी हवेतून जातो, रेडिओलहरींना हवा लागत नाही, हे वर्गात सांगायला हरकत नाही.)

तेव्हा भारतीय भाषांतून बोलणारी ख्रिस्ती केंद्रे निघाली ती देशाबाहेर. इथिओपियातील आदिस अबाबा येथून १९६३ पासून लुथरन चर्चचे ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ बोलू लागले. १९७७ मध्ये तेथील लष्करी राजवटीने ते ताब्यात घेतले. सेशेल्स बेटांवरून ‘फेबा’ हे केंद्र १९७० पासून, श्रीलंकेतील पुत्तलम येथून ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’ १९७८ पासून, आणि पॅसिफिकमधील ग्वाम बेटावरून ‘ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ’ १९८७ पासून. या शेवटच्या केंद्रावर मराठी कार्यक्रमही असत.

येथे थोडे भौतिकशास्त्र पाहिले पाहिजे. सेशेल्स ते सोलापूर हे अंतर सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर आहे. लघुलहर जमिनीवरून सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरातून परत फिरते. इतके अंतर एकाच उडीत पार करायचे तर लहर क्षितिजाला जवळजवळ घासून, दोन-तीन अंशांच्या कोनात निघायला हवी. कोरडी जमीन अशा लहरीचा बराच भाग गिळून टाकते. समुद्राचे खारे पाणी हे जमिनीपेक्षा शेकडो पटींनी चांगले विद्युतवाहक आणि म्हणून उत्तम आरसा. फेबाच्या अभियंत्यांनी अँटेनाचे मनोरे चक्क किनाऱ्याबाहेर, समुद्रातील प्रवाळाच्या खडकावर उभे केले! ‘जगातील सर्वांत ओला अँटेना’ असे त्याचे कौतुकाने वर्णन होई.

पुत्तलमचे गणित वेगळे. तो मध्यम लहरींवरील, ८८२ किलोहर्ट्झचा, तब्बल ४०० किलोवॉटचा प्रक्षेपक. सोलापूरपासून तो साधारण साडेअकराशे किलोमीटरवर. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर मध्यम लहरींना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरांपर्यंत लहर पोहोचून परतते. म्हणजे हे केंद्र कधी ऐकायचे हे बऱ्याच अंशी सूर्य ठरवत होता, कार्यक्रम आखणारे नव्हेत.

तरुण श्रोता या केंद्रांकडे कसा वळला, हे समजण्यासाठी १९५२ कडे जावे लागते. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. विविध भारती आली १९५७ मध्ये. मधल्या पाच वर्षांत एका पिढीला लघुलहरींवर काटा फिरवत परदेशी केंद्र शोधण्याची सवय लागून गेली होती. परवाना काढून दिवाणखान्यात ठेवलेला व्हॉल्व्हचा संच हा घरातील वडीलधाऱ्यांचा असे. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि संच उशाशी गेला. सोलापूरसारख्या गिरणगावात, जिथे मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत बोलल्या जातात, तिथे रात्रीच्या काट्यावर पुणे, सांगली, गुलबर्गा, हैदराबाद आणि कोलंबो शेजारी-शेजारी नांदत. गाणे शोधताना मध्येच एखादे प्रवचन लागे. ख्रिस्ती केंद्रांच्या वाट्याला आलेले कित्येक श्रोते असे वाट चुकून आलेले असणार, असे मला वाटते.

या केंद्रांनी ही सवय ओळखली. लांब उपासनेऐवजी पंधरा मिनिटे, अर्धा तास अशा छोट्या कार्यक्रमांवर भर आला. पत्र लिहिणाऱ्याला टपालाने अभ्यासक्रम मिळू लागला. आकाशवाणीनेही १९६९ मध्ये तरुणांसाठी ‘युववाणी’ काढली होतीच. पण सर्वांत कल्पक उपाय पुण्यातून निघाला. ॲडव्हेंटिस्टांच्या पुण्यातील केंद्रात एड्रियन पीटरसन हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ सत्तरच्या दशकात ‘रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल’ हा इंग्रजी कार्यक्रम तयार करीत आणि तो कोलंबोहून प्रसारित होई. त्याचा विषय धर्म नव्हे, तर रेडिओच. दूरची केंद्रे पकडायची, वेळ, वारंवारता, आवाजाची स्पष्टता, अडथळे यांची नोंद करून केंद्राला कळवायचे, आणि पडताळणीचे चित्रमय पत्र मिळवायचे, हा छंद जगभर होता. आपली लहर कुठे, कशी पोहोचते याची मोजमापे केंद्राला फुकटात मिळत, आणि घरबसल्या वैज्ञानिक निरीक्षणाचे शिक्षण मुलांना. आमच्या विज्ञानमंडळांनी हा उपक्रम उचलला नाही याची मला अजून चुटपुट आहे.

मग सवय पुन्हा बदलली, आणि या वेळी तिने केंद्रांना कोंडीत पकडले. २००१ पासून खाजगी एफ.एम. केंद्रे आली, पाठोपाठ भ्रमणध्वनीत एफ.एम. आले. त्यातच का, लघुलहरी का नाहीत? एफ.एम. लहरीची लांबी सुमारे तीन मीटर, तिचा चतुर्थांश पाऊण मीटर. कानात घालायच्या तारेची लांबीही साधारण इतकीच! तीच तार अँटेनाचे काम करते. तीस मीटर लांबीच्या लहरीला ती अगदीच अपुरी. तरुण एफ.एम.कडे गेला, पण ही लहर सामान्यतः आयनांबरातून परतत नाही, ती नजरेच्या टप्प्यात, फार तर पन्नास-साठ किलोमीटर जाते. म्हणजे समुद्रापलीकडून एफ.एम. पाठवणे अशक्य, आणि देशात धार्मिक संस्थांना खाजगी एफ.एम.चा परवाना नाही. सर्वच धर्मांना लागू असलेला हा नियम मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे श्रोता नेमका त्या पट्ट्यात गेला, जिथे त्याच्या मागे जाता येत नव्हते.

सेशेल्सचे प्रक्षेपण २००३ मध्ये थांबले. मनिलाच्या ‘रेडिओ व्हेरितास एशिया’ने २०१८ च्या मध्यावर लघुलहरी सोडून आंतरजालाचा रस्ता धरला. बी.बी.सी.ची हिंदी सेवाही जानेवारी २०२० अखेर लघुलहरींवरून उतरली. आता कार्यक्रम म्हणजे एक ध्वनिफीत, कधीही ऐकावी, थांबवावी, मित्राला धाडावी. सूर्यास्ताची वाट पाहावी लागत नाही. पण वाट चुकून कोणी येण्याचा संभवही कमी झाला, कारण आता नाव ठाऊक असलेलेच शोधले जाते किंवा यंत्राने सुचवलेले ऐकले जाते. शिवाय लघुलहरी ऐकणाऱ्याचा माग कोणालाही लागत नसे. त्याने आपणहून पत्र टाकले तरच तो आहे हे कळे. आंतरजालावर ऐकणाऱ्याची नोंद आपोआप होते, त्याला नको असली तरीही. घरच्यांच्या नकळत दुसऱ्या धर्माचे प्रवचन कुतूहलाने ऐकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

डी थराची गोष्ट विद्यार्थ्यांना दाखवायची असेल तर मध्यम लहरींचा कोणताही जुना, सुरू असलेला संच पुरेल. दुपारी बारा वाजता काट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन केंद्रे मोजावीत, मग रात्री नऊला त्याच जागी, संच त्याच दिशेला ठेवून पुन्हा मोजावीत. संच आडवा फिरवला की काही केंद्रे क्षीण होतात, तेही टिपावे, म्हणजे केंद्राच्या दिशेचा अंदाज येतो. विजेचे दिवे व चार्जर बंद ठेवावेत, नाहीतर खरखरीखेरीज काही ऐकू यायचे नाही.