खुणेचे दागिने



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या श्रीपुरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीतली बाई हंडा घेऊन नळावर आली, की आपली नजर आधी तिच्या लुगड्यावर, गळ्यावर, हातावर जाते. नाव विचारायच्या आत ती कोण, कुठली, हे आपण ठरवून मोकळ्या होतो. हळदीकुंकवाला आपसातही तेच चालतं, पण ते जाऊ द्या.

अंगावरच्या वस्तूवरून माणूस ठरवायची ही रीत किती जुनी आणि किती जाचक, हे महाडच्या बायकांना पुरतं ठाऊक होतं. डिसेंबर 1927 मध्ये तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची परिषद भरली. मनुस्मृती जाळली, चवदार तळ्याभोवती मिरवणूक निघाली, हे आपण ऐकलेलं असतं. त्याच वेळी बाबासाहेब खास बायकांशी बोलले, ते मात्र कमी सांगितलं जातं.

त्या बायकांच्या गळ्यात गळसऱ्यांचा भार असे, हातात कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोठ-पाटल्या, आणि लुगडं गुडघ्याच्या आसपास. लांबून बघणाऱ्याला जात कळावी, अशी ती खूणच होती. बाबासाहेबांनी सांगितलं, ही खूण टाका. लुगडं नीट खाली नेसा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर नको.

लगेच बायका घोट्यापर्यंत लुगडं नेसून वावरू लागल्या. चित्रे आणि टिपणीस या कार्यकर्त्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली.

आता कुणी म्हणेल, मग सोन्यालाच मान दिला की! आम्हीही आमच्या बैठकीत यावर बरंच बोललो. कथलाच्या दागिन्यातच ताठ मानेनं उभं राहायचं होतं, असंही एकीचं म्हणणं पडलं. पण हे आज म्हणणं सोपं आहे. जी वस्तू दुसऱ्यांनी आपली ओळख म्हणून अंगावर ठेवली आणि जी आपण हौसेनं घेतली, त्या दोन्ही एकाच तराजूत कशा घालायच्या? केरळात 1915 साली पुलया समाजाच्या बायकांनी कोल्लमच्या सभेत गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा अशाच काढून टाकल्या होत्या. अय्यनकाळी तेव्हा त्यांचे पुढारी होते. कुठं कोल्लम, कुठं महाड, पण गळ्यातलं ओझं एकच.

महाडला बाबासाहेब लुगड्या-दागिन्यांवर थांबले नाहीत. मुलींना शिकवा म्हणाले. आणि नवरा असो की मुलगा, दारू पिऊन घरी आला तर त्याला जेवायला वाढू नका, असंही बजावलं. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत हशा पिकला, मग सगळ्या गप्प झाल्या.

या चळवळीतल्या बायकांवर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिलंय. गटात एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं आम्ही ठरवलंय.