गर्भारपणात दमा : पंप बंद करू नये

बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगर हा उसाचा पट्टा. हिवाळ्याच्या तोंडावर साखर कारखान्याचे धुराडे पेटले, की गाळप हंगामभर हवेत काजळी आणि फडात जाळलेल्या पाचटाचा धूर मिसळतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत चुलीच्या धुराची भर पडते. दमेकऱ्यांना जाचक ठरणाऱ्या या दिवसांत गर्भवतीची विशेष काळजी घ्यावी लागते.

गर्भारपणात दम्याचे काय होईल हे आधी सांगता येत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश स्त्रियांचा त्रास वाढतो, तितक्याच जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा पूर्ववत राहतो. वाढलाच तर तो बहुधा २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान. दमा नसलेल्या गर्भवतीलाही थोडी धाप लागते. मात्र छातीत घरघर होणे किंवा रात्री खोकल्याने जाग येणे ही दम्याचीच लक्षणे समजावीत.

सर्वांत मोठी चूक घरात होते. दिवस राहिल्याचे कळताच ‘बाळाला बाधेल’ या भीतीने पंप बंद केला जातो. वास्तविक ब्युडेसोनाइडसारखे रोज ओढायचे स्टेरॉइड आणि धाप लागल्यावर घ्यायचे साल्ब्युटामोल यांचा गर्भारपणातील अनुभव दीर्घ व दिलासादायक आहे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, औषध थेट श्वासनलिकांत जाते, रक्तात अल्पच उतरते. उलट दमा आटोक्याबाहेर गेला तर आईच्या रक्तातील प्राणवायू घटतो आणि गर्भालाही तो कमी पडतो. अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ व आईचा वाढलेला रक्तदाब यांचा धोका वाढतो. तीव्र झटक्यात डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही टाळू नयेत.

पंप स्पेसर लावून ओढावा, स्टेरॉइडनंतर चूळ भरावी. शेजारच्या फडात पाचट पेटवले असता गर्भवतीने दूर जावे. (पाचटाची कुट्टी करून जमिनीत मिसळली तर तिचे खतही होते, पण काडी ओढणे सोपे!)

प्रसूतीसाठी दाखल होताना दम्याची नोंद आवर्जून करून घ्यावी. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोप्रोस्ट हे इंजेक्शन श्वासनलिका आकुंचित करू शकते, म्हणून अशा स्त्रीला शक्यतो दुसरे औषध देतात. कळा येत असतानाही पंप चालू ठेवावा. स्तनपानाच्या काळातही तो घेता येतो.

पंप ओढूनही आराम न पडणे, सलग वाक्य बोलता न येणे, ओठ निळसर होणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९५ टक्क्यांखाली दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास सकाळपर्यंत न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.