उभयलैंगिक पुरुष : दृश्यता आणि आदर्श

ज्या पुरुषाला स्त्री आणि पुरुष या दोघांविषयीही प्रेम, ओढ किंवा लैंगिक आकर्षण वाटू शकते, तो उभयलैंगिक पुरुष. बोलण्यात ‘बायसेक्शुअल’ हाच शब्द अधिक चालतो. दोन्ही ओढी सारख्याच प्रमाणात असाव्यात, एकाच काळात असाव्यात किंवा दोन्हींचा प्रत्यक्ष अनुभव घेतलेला असावा, अशी कोणतीही अट नाही. वीस वर्षे सुखाने संसार केलेल्या माणसाचाही हा कल असू शकतो, आणि ज्याने अजून कुणाचा हातही हातात घेतलेला नाही अशा मुलालाही तो स्वतःत जाणवू शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या अशा मुलाला आपल्यासारखा दुसरा माणूस कुठे दिसतो, हा या नोंदीचा विषय आहे.

समलिंगी पुरुष निदान त्याच्या जोडीदारावरून ओळखता येतो. उभयलैंगिक पुरुषाचे तसे होत नाही. बायकोबरोबर दिसला की लोक त्याला भिन्नलिंगी धरतात, पुरुषाबरोबर दिसला की समलिंगी. तो चारचौघांत वावरत असतो आणि तरीही कुणाच्या हिशेबात नसतो. त्याने स्वतः सांगितल्याखेरीज हे कळायला दुसरी वाट नाही, आणि सांगणाऱ्याच्या पदरी दोन्हीकडून अविश्वास येतो. घरचे म्हणतात, मुली आवडतात ना, मग बाकीचे डोक्यातून काढून टाक. समलिंगी मित्रांना वाटते, याला अजून धीर होत नाही म्हणून अर्धेच कबूल करतो आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१३ साली सुमारे बाराशे एलजीबीटी प्रौढांची पाहणी केली. आपल्या आयुष्यातल्या सगळ्या किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपला कल ठाऊक आहे, असे समलिंगी पुरुषांपैकी ७७ टक्क्यांनी सांगितले. उभयलैंगिक स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते आणि उभयलैंगिक पुरुषांमध्ये अवघे १२. जिथे कायदा आणि समाज त्या मानाने मोकळे आहेत, तिथली ही अवस्था आहे.

हा अविश्वास विज्ञानातही होता. आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ सालच्या अहवालात माणसांचे दोन कप्पे करण्याऐवजी ० ते ६ अशी मोजपट्टी मांडली आणि मधल्या आकड्यांवर पुष्कळ पुरुष सापडतात हे दाखवले. तरीही २००५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील मोजमापांवरून पुरुषांमधल्या उभयलैंगिक उत्तेजनाविषयीच शंका घेतली. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ सरळ लावला : असे पुरुष नसतातच, ते एक तर समलिंगी असतात किंवा खोटे बोलत असतात. पुढे त्याच विद्यापीठातून २०११ मध्ये वेगळे निष्कर्ष आले. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेला निबंध छापून आला. पुरुषांमध्ये उभयलैंगिक कल असल्याचा भक्कम पुरावा आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच्या लेखकांत बेलीही होते. स्वतःचा निष्कर्ष पुन्हा तपासणे हे संशोधकाला शोभणारेच आहे, पण मधली पंधरा वर्षे ‘तू अस्तित्वातच नाहीस’ हे वाक्य विज्ञानाच्या नावाने ऐकणाऱ्यांची भरपाई त्या निबंधाने होत नाही.

सावली हे चंद्रपूर–गडचिरोली रस्त्यावर मूल आणि वैनगंगा यांच्यामधले धानाच्या मुलखातले गाव आहे. पोट्टा हाताशी आला, धान घरात आले, की सोयरिकीची बोलणी सुरू होतात. समलिंगी मुलाला लग्नाला नकार द्यायचा तर निदान स्वतःपुरते एक स्पष्ट कारण असते. उभयलैंगिक मुलाला मुलगीही आवडू शकते, म्हणून तो स्वतःलाही नकाराचे कारण देऊ शकत नाही आणि होकारातही स्वतःचा एक भाग बाहेर ठेवूनच मांडवात उभा राहतो. लग्न लागले की गावाच्या दृष्टीने प्रश्नच उरत नाही. सरकारी कामकाजात अशा पुरुषाची नोंद झालीच तर ती एचआयव्ही प्रतिबंधाच्या रजिस्टरात, ‘एमएसएम’ म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, या वर्गात होते. हा वर्ग कृतीवरून पाडलेला आहे. माणसाचे प्रेम कुणावर आहे, हे त्यात विचारले जात नाही. या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या बोलीत ‘कोती’ (बायकी वळणाचा पुरुष) आणि ‘पंथी’ (त्याचा पुरुषी वळणाचा जोडीदार) हे शब्द रुळले आहेत. पंथी म्हणवले जाणारे कितीतरी जण विवाहित असतात आणि स्वतःला कोणतेच नाव देत नाहीत. त्यांतले सगळे उभयलैंगिक नसतात. काही समलिंगी असून दबावाखाली बोहल्यावर चढलेले असतात. पण जे उभयलैंगिक आहेत, त्यांची गाठ आपल्या ओढीशी पहिल्यांदा पडते ती कंडोम आणि रक्ततपासणीच्या संदर्भात. कार्यकर्त्यांच्या कामाने असंख्य जीव वाचले आहेत. तरीही माणसाला स्वतःची ओळख रोगाच्या दारातून व्हावी, हे बरे नव्हे.

मराठीत या विषयांवर बोलण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी त्यात उत्तरे दिली. त्यावरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याला विकृत समजू नये, ही भूमिका मराठी माणसाने न्यायालयात मांडलेली आहे, ही नोंद राहिली. पुढे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक आले, चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ आले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ‘पार्टनर’सारख्या पुस्तकांतून सोप्या मराठीत लैंगिकतेची माहिती दिली. या सगळ्यांत केंद्रस्थानी राहिले ते समलिंगी प्रेम.

उभयलैंगिक पुरुष मराठी साहित्यात ठळकपणे भेटतो तो सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत. एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, बहीण अनुजाही पडते, आणि तो दोघांनाही प्रतिसाद देतो. कादंबरीचे दोन भाग आहेत : एक तनयच्या तोंडून, दुसरा अनुजाच्या. ज्याच्याभोवती दोघांची आयुष्ये उलटीपालटी होतात त्याला कादंबरीभर नाव नाही, आणि स्वतःचे म्हणणे मांडायला एक पानही नाही. तो येतो आणि निघून जातो; वाचकाला तो कळतो तो त्याने मागे ठेवलेल्या दोघांच्या दुःखातून. कलाकृती म्हणून ही रचना उत्तम आहे. सोडून गेलेल्या माणसाविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक असते, हेच तिला सांगायचे आहे. जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये आला आणि २०२२ मध्ये चित्रपटही झाला. पण आदर्श शोधणाऱ्या मुलाने ती वाचली तर त्याला काय मिळते? आपल्यासारखा माणूस देखणा असतो, हुशार असतो, आणि शेवटी कुणाचाच नसतो. त्या तरुणाला तिसरा भाग मिळाला असता तर तो काय बोलला असता, हे पुढच्या एखाद्या मराठी लेखकाने लिहिले पाहिजे.

जगात ज्यांचे नाव या संदर्भात सर्वाधिक घेतले जाते, त्यांतला एक माणूस महाराष्ट्रात शिकलेला आहे. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला. फ्रेडी हे नाव त्याला तिथेच पडले, आणि शाळकरी मुलांचा ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथलाच. मेरी ऑस्टिन या स्त्रीवर त्याचे दीर्घ प्रेम होते; आपले लंडनचे घर त्याने तिच्या नावे ठेवले. अखेरची वर्षे त्याने जिम हटन या पुरुषाबरोबर काढली. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने त्याचा मृत्यू झाला. स्वतःला कोणते नाव द्यायचे याबाबत तो जाहीरपणे एका जागी थांबला नाही, त्यामुळे त्याच्यावर ठामपणे शिक्का मारणे योग्य नाही. मात्र २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ या चित्रपटातला एक प्रसंग या विषयाचे सार सांगून जातो. आपण बायसेक्शुअल असू असे वाटते, असे तो मेरीला सांगतो. ती म्हणते, नाही, तू समलिंगी आहेस. प्रसंग हळुवार आहे, तिचे दुखावणेही खरे आहे. पण माणूस पहिल्यांदा स्वतःविषयी काही सांगतो आणि त्याचे वाक्य तिथल्या तिथे दुसरे कुणी दुरुस्त करते, हे अनेक उभयलैंगिक पुरुषांच्या घरी घडलेले आहे. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक अभ्यासांत उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण समलिंगी व्यक्तींइतके किंवा त्याहून अधिक आढळले आहे. त्यामागे कल नाही, एकटेपणा आहे. या एकटेपणावर उपाय म्हणून १९९९ पासून २३ सप्टेंबर हा उभयलैंगिकांच्या दृश्यतेचा दिवस पाळला जातो.

इथे पत्नीचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. उभयलैंगिक असणे म्हणजे एकाच वेळी दोन जोडीदार लागणे नव्हे. एकनिष्ठ राहणे हा स्वभावाचा आणि शब्द पाळण्याचा भाग आहे, कलाचा नव्हे. पण जो पुरुष लपून संबंध ठेवतो, तो बायकोला फसवतो आणि तिचे आरोग्यही धोक्यात घालतो, मग त्याचा कल कोणताही असो. लग्नाआधी सांगता येईल असे वातावरण नसणे हा समाजाचा दोष आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. म्हणून आदर्श हवेत ते दडवण्यात पटाईत झालेल्यांचे नव्हेत. आपल्या जोडीदाराला खरे सांगून तिच्याबरोबर किंवा त्याच्याबरोबर नीट नांदणाऱ्या, चारचौघांसारख्या माणसांचे हवेत.

कायद्याने वाट काही अंशी मोकळी केली आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मात्र मान्यता मिळाली नाही. उभयलैंगिक पुरुषाला त्यामुळे एक सल्ला हमखास ऐकावा लागतो : कायद्यात बसते तेवढेच प्रेम कर. जणू प्रेम कुणावर बसावे हे आधी ठरवता येते. लैंगिक कल उपचाराने बदलण्याचा प्रयत्न करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, हे गावोगावच्या पालकांनाही ठाऊक व्हायला हवे.

विदर्भात माणसे दिसू लागली आहेत. नागपुरात सारथी ट्रस्ट एलजीबीटी समूहासाठी काम करतो आणि २०१६ पासून प्राइड मार्चही निघू लागला. यवतमाळात डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे कलम ३७७ अजून लागू असताना, दोन पुरुषांनी आप्तेष्टांसमोर लग्नसोहळा केला. पण सावलीहून नागपूर दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मार्चमध्ये चालणाऱ्याला परत गावी यायचे असते. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. खेड्यात फुलणारे दोन पुरुषांचे प्रेम खेड्याच्याच भाषेत सांगता येते, हे त्याने दाखवले.

सावलीच्या आसपास आधीपासून असलेल्या दोन गोष्टी या कामी येऊ शकतात. एक, गडचिरोलीजवळचे शोधग्राम, म्हणजे ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे ठिकाण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दिसले. तोवर कुणी विचारलेच नव्हते. लैंगिक कल हा आजार नाही. इथून उचलायची ती आपुलकीने विचारण्याची पद्धत. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरे मुलामुलींशी लैंगिकतेवर उघड मराठीत बोलतात. दुसरी, झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतली अख्खी गावे घोंगडी पांघरून ते पाहतात. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककलांत पुरुषाने लुगडे नेसून नाचणे या प्रेक्षकाला परके नाही. अर्थात स्त्रीवेश ही कला आहे, तिच्यावरून नटाचा लैंगिक कल ठरत नाही. ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटातल्या गुणाची फरफट याच गैरसमजातून होते. पण झाडीपट्टीत दर हंगामाला नवी नाटके लिहून घेतली जातात. हुंडा, दारू, जमिनीचे वाद, भावाभावांचे वैर या सगळ्यांवर ती रचली गेली आहेत. लग्न ठरलेल्या मुलीला मांडवापूर्वी सगळे खरे सांगणारा आणि तिचे उत्तर ऐकून घेणारा नायक या मंचावर उभा राहिला, तर तो शहरातल्या कुठल्याही मोर्चापेक्षा अधिक माणसांपर्यंत पोहोचेल, आणि त्याला नावही असेल.