बरगड्यांची धूरभाजणी
डुकराच्या बरगड्या कोळशाच्या मंद आचेवर व लाकडाच्या धुरात, मांसातील ओलावा राखून शिजवण्याची पद्धत.

उगम : कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक लाकडी चौकटीवर मांस भाजत. त्यांच्या शब्दावरून स्पॅनिश ‘बार्बाकोआ’ व पुढे ‘बार्बेक्यू’ हे शब्द आले. झाकणाची गोल शेगडी अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये तयार केली.

वैशिष्ट्ये : निखारे एका बाजूला व मांस दुसऱ्या बाजूला ठेवून, झाकण लावून उष्णता 105–120° से. राखतात. शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यामुळे हवा दमट राहते. हाडांकडचा पातळ पापुद्रा आधी सोलतात. आधीपासून चोळून ठेवलेल्या मिठामुळे स्नायूंत पाणी टिकते. मांस लालसर तपकिरी झाल्यावर फॉइलमध्ये गुंडाळल्यास बाष्पीभवन घटते. चिवट कोलॅजनचे हळूहळू जिलेटिन होते (→ कोलॅजन). मांस आक्रसून हाडांची टोके उघडी पडणे, ही शिजल्याची खूण होय.

महत्त्व : चिवट मांस मऊ व रसदार होते. आवरणाने ओलावा राखण्याचे हेच तत्त्व भंडारा जिल्ह्यासह विदर्भात, पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या आरावर भाजल्या जाणाऱ्या पानग्यांत दिसते (→ पळस, पानगे).